लिबजीक्रिप्ट

लिबजीक्रिप्ट ही सी या भाषेत लिहिलेली, सर्वसाधारण उपयोगाची कूटलेखन लायब्ररी आहे. संगणकावरील मजकूर गुप्त ठेवणे, त्यात कोणी फेरफार केलेला नाही याची खात्री करून घेणे, डिजिटल स्वाक्षरी करणे व पडताळणे आणि कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशा यादृच्छिक संख्या मिळवणे, या कामांसाठी लागणारी तयार साधने ती प्रोग्रॅमरला पुरवते. ग्नू प्रायव्हसी गार्ड, म्हणजेच ग्नूपीजी, या मुक्त प्रोग्रॅममधील कूटलेखनाचा भाग स्वतंत्र करून ती तयार करण्यात आली. जर्मन प्रोग्रॅमर वेर्नर कॉख हे तिचे मूळ लेखक होत. जपानचे निबे युताका आणि फिनलंडचे युस्सी किविलिन्ना यांचाही तिच्या पुढील विकासात मोठा वाटा आहे.

संज्ञा आणि प्रयोजन

संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता याव्यात म्हणून एकत्र बांधून ठेवलेल्या तयार उपक्रियांचा संच. ‘ग्रंथालय’ हा शब्द येथे वाचकाची दिशाभूल करतो, म्हणून लायब्ररी हाच रूढ शब्द या लेखात ठेवला आहे. नावातील ‘लिब’ हे युनिक्सच्या परंपरेतील लायब्ररीचे संक्षिप्त रूप असून ‘क्रिप्ट’ हा अंश ‘लपवलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे.

कूटलेखनाची सूत्रे पाठ्यपुस्तकांत छापलेली असतात. मग ती प्रत्येकाने स्वतः का लिहू नयेत, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडणे साहजिक आहे. याचे उत्तर चुकीच्या स्वरूपात दडलेले आहे. बेरीज चुकीची करणारा प्रोग्रॅम लवकरच उघडा पडतो. बिलाचा आकडा जुळत नाही आणि ग्राहक तक्रार करतो. कूटलेखन चुकीचे करणारा प्रोग्रॅम मात्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू शकतो. मजकूर कूटबद्ध होतो, तो पाहणाऱ्याला निरर्थक दिसतो, योग्य किल्लीने पुन्हा उलगडतो. भक्कम आणि कमकुवत कूटलेखन डोळ्यांना सारखेच दिसते. उणीव कळते ती बहुधा हल्लेखोराला, आणि तो ती जाहीर करीत नाही. ज्या भागाची परीक्षा स्वतः घेता येत नाही तो भाग अनेकांनी वाचलेला, तपासलेला आणि दुरुस्त केलेला घ्यावा, हा अशा लायब्ररीमागचा विचार आहे.

इतिहास

अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा ईमेल व फाइली कूटबद्ध करण्याचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्या काळी अमेरिकी कायद्यानुसार भक्कम कूटलेखनाच्या निर्यातीवर कडक निर्बंध होते. शिवाय पीजीपीमध्ये वापरलेल्या आरएसए व आयडिया या पद्धती पेटंटने बांधलेल्या होत्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ मध्ये जर्मनीतील एका व्याख्यानात, अमेरिकेबाहेरील प्रोग्रॅमरनी अशा प्रोग्रॅमची मुक्त आवृत्ती तयार करावी, असे आवाहन केले. श्रोत्यांमध्ये कॉख होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १९९९ मध्ये ग्नूपीजी १.० आले.

पेटंटची अडचण टाळण्यासाठी आरंभी एल्गमाल व डीएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धती वापरण्यात आल्या. आरएसएचे अमेरिकी पेटंट सप्टेंबर २००० मध्ये संपले. आयडियाचा समावेश तर लिबजीक्रिप्टच्या १.६.० या, डिसेंबर २०१३ मधील आवृत्तीत झाला. तोवर ती पद्धत जुनी होऊन गेली होती.

ग्नूपीजीच्या पहिल्या मालिकेत कूटलेखनाचे गणित प्रोग्रॅमच्या पोटातच होते. त्याचा उपयोग दुसऱ्या कोणाला करायचा तर संपूर्ण प्रोग्रॅम चालवावा लागे. हा भाग बाहेर काढून लिबजीक्रिप्ट उभी राहिली आणि २००६ मध्ये आलेले ग्नूपीजी २.० या लायब्ररीवर उभारण्यात आले. चुकांचे संदेश हाताळणाऱ्या एका छोट्या सहायक लायब्ररीखेरीज तिला अन्य कशाचीही गरज लागत नाही.

सममित कूटलेखन

कूटबद्ध करण्यासाठी व उलगडण्यासाठी एकच किल्ली वापरतात त्या पद्धतीला सममित कूटलेखन म्हणतात. लिबजीक्रिप्टमध्ये एईएस, टूफिश, सर्पंट, कॅमेलिया, चाचा२० अशा अनेक पद्धती आहेत. सर्वांना हाक मारण्याची रीत एकच आहे: पद्धत निवडून एक हस्तक उघडायचा, त्याला किल्ली द्यायची, प्रारंभीचे मूल्य द्यायचे आणि मजकूर पुढे करायचा. पुढे एखादी पद्धत कमकुवत ठरली तर प्रोग्रॅममधील एक नाव बदलून काम भागू शकते. प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतील तर लायब्ररी त्या स्वतः ओळखून वापरते. याकरिता तिचे काही भाग निरनिराळ्या प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत लिहिलेले आहेत.

पद्धतीइतकीच महत्त्वाची असते ती वापरण्याची रीत. एईएस एका वेळी फक्त १६ बाइटचा ठोकळा हाताळते. लांब मजकुराचे ठोकळे सुटेसुटे कूटबद्ध केले (या रीतीला ईसीबी म्हणतात), तर सारख्या ठोकळ्यांचे सारखेच कूटरूप मिळते आणि किल्ली नसतानाही मजकुराची ठेवण बाहेर दिसते. सीबीसी, सीटीआर, जीसीएम, ओसीबी इत्यादी रीती हा दोष टाळतात. त्यांपैकी जीसीएम व ओसीबी मजकूर लपवतात आणि त्यासोबत त्याच्या अखंडतेची खूणही तयार करतात. लायब्ररी ईसीबीसुद्धा देते, कारण काही जुन्या व अंतर्गत कामांना ती लागते. ती निवडणाऱ्या प्रोग्रॅमरला मात्र लायब्ररी अडवत नाही.

जीसीएमच्या बाबतीत आणखी एक जागा घसरण्याची आहे. मजकूर उलगडणे आणि खूण तपासणे या लिबजीक्रिप्टमध्ये दोन वेगळ्या हाका आहेत. खूण जुळते की नाही हे कळण्यापूर्वीच उलगडलेला मजकूर प्रोग्रॅमच्या हाती आलेला असतो. खूण तपासायची हाक विसरली, किंवा तिने परत केलेला चुकीचा संकेतांक पाहिलाच नाही, तर फेरफार केलेला मजकूरही खरा मानला जातो. एकाच किल्लीसोबत तेच प्रारंभीचे मूल्य दुसऱ्यांदा वापरल्यास जीसीएमचे संरक्षण कोसळते. ते मूल्य पुन्हा येऊ न देण्याची जबाबदारीही प्रोग्रॅमरचीच असते.

हॅश आणि परवलीचे वाक्य

हॅश म्हणजे कितीही मोठ्या मजकुरापासून मिळणारा ठरावीक लांबीचा ठसा. लायब्ररीत शा-२, शा-३, ब्लेक२ इत्यादी हॅश आहेत. एमडी५ आणि शा-१ हेही आहेत, जरी एमडी५चे संरक्षण २००४ मध्ये आणि शा-१चे २०१७ मध्ये प्रत्यक्ष उदाहरणांनिशी मोडले गेले. जुन्या फाइली व जुन्या स्वाक्षऱ्या वाचता याव्यात म्हणून ते काढून टाकलेले नाहीत. एखादी पद्धत यादीत आहे म्हणून ती आज वापरण्याजोगी आहे, असे समजू नये.

माणसाने निवडलेले परवलीचे वाक्य थेट किल्ली म्हणून वापरणे धोक्याचे असते. त्यापासून किल्ली तयार करण्यासाठी पीबीकेडीएफ२, एसक्रिप्ट व (१.१० आवृत्तीपासून) आर्गॉन२ या क्रिया दिलेल्या आहेत. त्या मुद्दाम संथ असतात. खऱ्या वापरकर्त्याला होणारा क्षणाचा विलंब जाणवत नाही, परंतु कोट्यवधी वाक्ये आजमावणाऱ्याला तो महाग पडतो.

या क्रियांना अक्षरे कळत नाहीत, फक्त बाइट कळतात, ही बाब मराठी वाक्यांच्या संदर्भात विशेष लक्षात घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिले ३ बाइटचे तर दुसरे ६ बाइटचे होते, आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या किल्ल्या सर्वस्वी भिन्न असतात. एका कीबोर्डवर टंकलेले योग्य वाक्य दुसऱ्या कीबोर्डवर नाकारले जाणे यामुळे शक्य आहे. मजकूर आधी एकाच प्रमाणरूपात आणण्याचे काम लिबजीक्रिप्ट करीत नाही. ते प्रोग्रॅमरने करायचे असते, आणि मराठी वापरकर्त्यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये त्याचा विसर पडू नये.

सार्वजनिक किल्लीच्या पद्धती

आरएसए, डीएसए, एल्गमाल आणि लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेल्या पद्धती यांत दोन किल्ल्या असतात: एक सर्वांना देण्याची, दुसरी स्वतःजवळ ठेवण्याची. आरएसएमध्ये हजारो बिटांच्या संख्यांचे गणित करावे लागते. तेवढ्या संख्या सामान्य चलांमध्ये मावत नसल्याने लायब्ररीत मोठ्या पूर्णांकांच्या अंकगणिताचा स्वतंत्र विभाग आहे.

किल्ल्या, स्वाक्षऱ्या व कूटबद्ध मूल्ये लायब्ररीला कंसांत कंस असलेल्या नावनिशीवार याद्यांच्या रूपात द्यावी लागतात. हे स्वरूप लिस्प भाषेतील मांडणीसारखे असून त्यास एस-एक्स्प्रेशन म्हणतात. बाहेरील कंसात ‘ही सार्वजनिक किल्ली’, आतल्या कंसात पद्धतीचे नाव, त्याच्याही आत प्रत्येक घटक संख्या, अशी ती रचना असते. नवीन पद्धत आली तरी हाका बदलाव्या लागत नाहीत, हा तिचा गुण. नवख्या सी प्रोग्रॅमरला मात्र ही मांडणी परकी वाटते, आणि कंस जुळवताना होणाऱ्या चुका प्रोग्रॅम चालवेपर्यंत लक्षात येत नाहीत.

यादृच्छिक संख्या

संगणक हे ठरलेल्या नियमाने चालणारे यंत्र आहे. त्याच्याकडून अनपेक्षित संख्या मिळवणे हे कूटलेखनातील सर्वांत नाजूक काम होय. किल्लीचा अंदाज बांधता आला तर उत्तमातील उत्तम पद्धतही निरुपयोगी ठरते.

लिबजीक्रिप्ट ही अनिश्चितता मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टीमकडून गोळा करते, शक्य असल्यास प्रोसेसरच्या सोयींची जोड देते, आणि ती ६०० बाइटच्या एका साठ्यात पुन्हा पुन्हा घुसळते. या रचनेचा आधार पीटर गुटमन यांचे १९९८ मधील संशोधन आहे. प्रोग्रॅमरला प्रत कळवावी लागते: तात्पुरत्या किल्ल्यांसाठी ‘सबळ’ आणि वर्षानुवर्षे टिकवायच्या किल्ल्यांसाठी ‘अतिसबळ’. ‘दुर्बल’ नावाची तिसरी प्रत ऐतिहासिक कारणाने शिल्लक आहे. गुप्त नसलेल्या परंतु पुन्हा येऊ नयेत अशा संख्यांसाठी वेगळी हाक आहे. सगळीकडे अतिसबळ संख्या मागत बसल्यास प्रोग्रॅम ताटकळू शकतो. ग्नूपीजीत नवीन किल्ली तयार करताना ‘काहीतरी टंका, माऊस हलवा’ अशी सूचना दिसे, तिचा उगम येथे आहे.

सुरक्षित मेमरी

मेमरी अपुरी पडू लागली की ऑपरेटिंग सिस्टीम तिचा काही भाग तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवते. त्या भागात खासगी किल्ली असेल तर ती डिस्कवर उमटते आणि संगणक बंद केल्यावरही तेथे राहू शकते. यासाठी लिबजीक्रिप्ट काही किलोबाइटचा एक कप्पा प्रारंभीच राखून ठेवते, तो डिस्कवर जाऊ नये म्हणून जखडते आणि वापर संपताच त्यातील मजकूर पुसून टाकते. हा कप्पा वापरायचा की नाही हे प्रोग्रॅमने पहिली हाक मारतानाच ठरवायचे असते. लॅपटॉप हायबरनेट केला असता संपूर्ण मेमरी डिस्कवर लिहिली जाते. त्या वेळी हे जखडणे कामी येत नाही.

लायब्ररी जे देत नाही

लिबजीक्रिप्ट सुटे भाग देते. दोन संगणकांमध्ये सुरक्षित संवाद कसा सुरू करावा, समोरच्याची ओळख कशी पटवावी, प्रमाणपत्रे कशी तपासावीत, कूटबद्ध फाइलीची मांडणी कशी असावी, हे तिच्या कक्षेबाहेर आहे. ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीत सुट्या भागांसोबत टीएलएस हा संपूर्ण संवादनियमही मिळतो. लिबजीक्रिप्टमध्ये तो नाही. ती वापरण्यासाठी उपयोजित कूटलेखनाची चांगली समज आवश्यक आहे, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेले आहे. ही सूचना औपचारिक समजून दुर्लक्षिण्याजोगी नाही: वर आलेल्या ईसीबी, खूण-तपासणी व प्रारंभीच्या मूल्याच्या चुका निर्दोष लायब्ररी वापरूनही करता येतात.

हल्ले आणि त्रुटी

किल्लीच्या बिटांनुसार गणिताला लागणारा वेळ किंवा प्रोसेसरच्या कॅशमधील हालचाल बदलत असेल, तर त्यावरून किल्ली ओळखता येते. अशा प्रकारांना साइड चॅनल हल्ले म्हणतात. ॲडलेड विद्यापीठातील युवाल यारोम व कॅट्रिना फॉकनर यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, त्याच संगणकावर चालणारा दुसरा प्रोग्रॅम केवळ कॅशवर पाळत ठेवून, ग्नूपीजीच्या एकाच स्वाक्षरीच्या वेळी, आरएसए खासगी किल्लीचे सरासरी ९६.७ टक्के बिट मिळवू शकतो. त्यावरील उपाय लिबजीक्रिप्ट १.५.३ मध्ये करण्यात आला. त्याच वर्षाअखेर डॅनियल गेन्किन, अदी शमीर व एरन ट्रोमर यांनी लॅपटॉपच्या विद्युत भागांतून निघणारा सूक्ष्म आवाज टिपून ग्नूपीजीच्या जुन्या मालिकेतील ४०९६ बिटांची किल्ली तासाभरात काढून दाखवली. हे शमीर म्हणजे आरएसए या नावातील ‘एस’ होत. २०१७ मध्ये घातांकाचे गणित डावीकडून उजवीकडे करण्याच्या रीतीतील गळतीचा उपयोग करून संशोधकांच्या एका गटाने १०२४ बिटांची आरएसए किल्ली पूर्णपणे मिळवली, १.७.८ आवृत्तीने ती वाट बंद केली.

यांहून वेगळी आणि अधिक अस्वस्थ करणारी त्रुटी २०१६ मध्ये सापडली. जर्मनीतील कार्ल्सरुहे तंत्रज्ञान संस्थेचे फेलिक्स ड्योर्रे व व्लादिमीर क्लेबानोव्ह यांच्या लक्षात आले की, यादृच्छिक संख्यांचा साठा घुसळणाऱ्या क्रियेत दोष आहे. सलग ५८० बाइट हाती लागले तर पुढील २० बाइट कोणालाही काढता येत होते. हा दोष १९९८ पासून, म्हणजे तब्बल १८ वर्षे, ग्नूपीजी व लिबजीक्रिप्टच्या सर्व आवृत्त्यांत होता. प्रोग्रॅम सर्वांना वाचण्यासाठी खुला असूनही तो एवढा काळ नजरेआड राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध करताना, प्राथमिक विश्लेषणानुसार जुन्या आरएसए किल्ल्या कमकुवत झालेल्या नाहीत आणि घाईने त्या रद्द करू नयेत, असेही कळवण्यात आले.

१९ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या १.९.० आवृत्तीची कथा याच्या उलट, अवघ्या दहा दिवसांची आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांना तिच्यात बफर ओसंडण्याचा दोष आढळला. हल्लेखोराने पाठवलेला मजकूर नुसता उलगडायला घेतला की, त्याची सत्यता तपासण्याआधीच मेमरीवर भलते लेखन होऊ शकत होते. कॉख यांनी ही आवृत्ती तत्काळ वापरातून काढण्यास सांगितले आणि २९ जानेवारीला १.९.१ प्रसिद्ध केली. आवृत्ती नवी असल्याने ती मोजक्याच ठिकाणी पोहोचली होती.

परवाना, निधी आणि वापर

लायब्ररी ग्नू लेसर जनरल पब्लिक लायसन्सखाली वितरित होते. या परवान्यामुळे मुक्त नसलेले प्रोग्रॅमही तिचा उपयोग करू शकतात. मात्र लायब्ररीतच बदल करून ती वितरित केल्यास ते बदल खुले करावे लागतात. अमेरिकी सरकारच्या फिप्स १४० या मानकासाठी तिच्यात खास अवस्था आहे. त्या अवस्थेत ती सुरुवातीला स्वतःच्या चाचण्या घेते आणि एमडी५सारख्या अमान्य पद्धती नाकारते.

इतक्या ठिकाणी विसंबले जाणारे हे काम दीर्घकाळ अत्यल्प पैशांत चालले. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने कॉख यांच्या आर्थिक ओढाताणीचे वृत्त दिल्यानंतर देणग्यांचा ओघ सुरू झाला. फेसबुक व स्ट्राइप या कंपन्यांनी प्रत्येकी दरवर्षी ५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि लिनक्स फाउंडेशनच्या एका उपक्रमातून ६०,००० डॉलर मिळाले.

ग्नूपीजीखेरीज नेटवर्कवरील माहिती तपासणारा वायरशार्क आणि सिस्टीमडीमधील नोंदवहीवर मोहोर उमटवणारा भाग ही लायब्ररी वापरतात. डिस्क कूटबद्ध करणाऱ्या क्रिप्टसेटअपमध्ये ती एक पर्याय म्हणून उपलब्ध आहे. ग्नूटीएलएस हा पूर्वी तिचा एक मोठा वापरकर्ता होता. २०११ मधील ३.० आवृत्तीपासून तो नेटल या दुसऱ्या लायब्ररीकडे वळला. क्वांटम संगणकांपुढेही टिकाव धरतील अशा अपेक्षेने रचलेल्या कायबर व एसएनट्रूप७६१ या पद्धती जून २०२४ मधील १.११.० आवृत्तीत आल्या, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या ग्नूपीजी २.५.० ने कायबरचा वापर सुरू केला.